जुनाट दुखण्याच्या मांजराचे कान

नीरा डाव्या कालव्याखालील बारामती व इंदापूर तालुक्यांत ज्याच्या घरीं ज्वारीचीं पोतीं, गव्हाची कणगी आणि अंगणापाशीं उंसाचा फड आहे, त्यास मांजराचें मोल सांगावयास नको. बैल लंगडूं लागला तर आपण त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलावितों. पण मांजर कान खाजवूं लागलें, म्हणजे हातीं लागेल तें औषध ओतून मोकळे होतों. तरुण, धडधाकट मांजर असला उपचार एखादे वेळीं सोसतें. परंतु मूत्रपिंडाच्या विकारानें किंवा मधुमेहानें खंगलेलें दहा-बारा वर्षांचें मांजर पुष्कळदां कानाच्या दुखण्यानें न मरतां त्या औषधानें मरतें. याकरितां अशा मांजराविषयीं कांहीं माहिती येथें देत आहों.

जुनें दुखणें प्रथम ओळखलें पाहिजे. मांजर वाजवीपेक्षां फार पाणी पितें, वारंवार लघवी करतें, खातें कमी, पाठीचा कणा हातास लागतो, केस राठ होतात. हीं मूत्रपिंड थकल्याचीं चिन्हें होत. मूत्रपिंडाची सुमारें दोन तृतीयांश शक्ति गेल्यावांचून तीं बहुधा दिसत नाहींत. मधुमेहांतही तहान व लघवी वाढते. दोहोंतील भेद रक्ताच्या व लघवीच्या तपासणीनेंच कळतो. असें रोगी जनावर अंग चाटून स्वच्छ ठेवीत नाहीं, त्याची प्रतिकारशक्तिही उणावलेली असते.

आतां कानाकडे वळूं. मांजराच्या कानाची नळी सरळ नसते. ती प्रथम खालीं उतरते व मग आंत वळते. त्यामुळें कापूस गुंडाळलेली काडी घातली तर मळ बाहेर येण्याऐवजीं वळणाकडे दडपला जातो. कॉफीच्या भुकटीसारखा काळा, कोरडा मळ व अतिशय खाज असेल, तर कानांत गोचिडांच्या दूरच्या नात्यांतले सूक्ष्म किडे आहेत असा संशय घ्यावा. हे किडे बहुधा पिल्लांस होतात. म्हाताऱ्या मांजराच्या एकाच कानांतून दुर्गंधि येत असेल व पू वाहत असेल, तर आंत गांठ वाढली आहे काय हें पाहणें अवश्य आहे. कानाच्या कडांवर राखट, जाड खपल्या धरून त्या तोंडाकडे पसरूं लागल्या तर ती खरूज समजावी. पांढऱ्या कानांच्या मांजराच्या कानाच्या टोंकांस न भरणारी जखम झाली, तर उन्हामुळें होणाऱ्या कर्करोगाची शंका घ्यावी. इंदापूरच्या कोरडवाहू भागांत उन्हांत पडून राहणाऱ्या मांजरांच्या मालकांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. मान एका बाजूस कलली, मांजर गोल फिरूं लागलें किंवा डोळे आपोआप हिसके देऊं लागले, तर विकार कानाच्या आंतील भागांत पोंचला आहे. मग घरचा एकही थेंब कानांत घालूं नये.

खरा धोका गोठ्याच्या फळीवर असतो. गुरांच्या गोचिडांवर वापरलीं जाणारीं डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखीं औषधें मांजराच्या यकृतास नीट पचवितां येत नाहींत. तीं अंगास लागलीं तरी मांजर थरथरूं लागतें, त्यास झटके येतात व मरणही येतें. आयव्हरमेक्टिनचा हिशेब करून पाहावा. गुरांसाठीं मिळणाऱ्या शेंकडा १ च्या बाटलींतील १ मिलिलिटर औषध ५० किलो वजनास पुरतें. त्या हिशेबानें ३ किलोच्या मांजराच्या वांट्यास ०.०६ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब येतो. गुरांच्या पिचकारीनें तो मोजणार कसा? दुखण्यावर म्हणून पॅरासिटामॉलची माणसाची एक गोळी दिली तरी तीच घातक ठरते. फिनेल, रॉकेल, कांद्याचा रस यांविषयीं लिहावयासही नको होतें, पण अद्याप हे प्रकार चालतात.

माणसांच्या कानाचे थेंबही निर्धोक नाहींत. पडदा फाटलेला असतां जेंटामायसिन अथवा निओमायसिन घातल्यास बहिरेपणा येऊं शकतो. जेंटामायसिनचें इंजेक्शन तर दुबळ्या मूत्रपिंडास आणखी इजा करतें. स्टेरॉइड असलेले थेंब मधुमेही मांजराची साखर वाढवूं शकतात. मेलॉक्सिकॅमसारखें वेदनाशामकही मूत्रपिंडाच्या रोग्यास पशुवैद्याच्या सल्ल्यावांचून देऊं नये.

मग करावें काय? कानाचा पडदा शाबूत आहे कीं नाहीं हें दिव्यानें पाहून घ्यावें व मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घ्यावा. गांवाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत हें न झाल्यास शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय बारामतीकरांस लोणंदवरून फार दूर नाहीं. जुनें दुखणें प्रथमच सांगावें. तें लपवून कानच तेवढा दाखविण्यांत कांहीं अर्थ नाहीं. किडेच असतील तर मानेवरील कातडीस लावावयाचें सेलामेक्टिन पुष्कळदां सोईचें पडतें, कारण दुखऱ्या कानास रोज हात लावावा लागत नाहीं. किड्यांचा अंड्यापासून वाढीचा फेरा सुमारें तीन आठवड्यांचा असल्यामुळें खाज थांबली म्हणून उपचार सोडूं नये, आणि घरच्या सर्व मांजरांवर व कुत्र्यांवर तो एकदमच करावा. भूल देऊन कान धुणें भागच असेल, तर आधीं रक्त तपासून व शिरेंतून अथवा कातडीखालीं सलाइन देऊन मगच तें करावें. अशा मांजराचें पाणी तोडूं नये. घरांत दोन-तीन ठिकाणीं ताज्या पाण्याचीं भांडीं ठेवावीं.

सांगितलेले थेंब घालतांना बाटली मुठींत धरून कोमट करावी, मांजर जुन्या धडप्यांत गुंडाळावें, थेंब टाकून कानाचें मूळ बाहेरून हलकेच चोळावें आणि वर आलेला मळ कापसानें टिपावा. कान झाडून झाडून पाळींत रक्त सांचून ती फुगली, तर सुईनें टोंचूं नये. दर आठवड्यास मांजर उचलून तराजूवर उभें राहावें व आपलें वजन वजा करून त्याचें वजन टिपून ठेवावें. कान बरा होत असतांही वजन घटत चाललें, तर पुढचें औषध कानासाठीं न घेतां मूत्रपिंडाची तपासणी पुन्हां करून घ्यावी.