विद्यार्थ्यांचा निद्रानाश

जबलपूरच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयात काय किंवा अन्यत्र काय, वसतिगृहातील खाट हीच विद्यार्थ्याची बैठक, अभ्यासिका आणि शय्या असते. त्यामुळे अंथरुणाशी झोपेऐवजी जागरणाचेच नाते जुळते. ते तोडणे हे उपचाराचे मर्म होय : डोळे जड झाल्यावरच आडवे व्हावे, झोप न आल्यास उठावे, सकाळी मात्र ठरल्या वेळी उठावेच. औषधी गोळीपूर्वी हाच उपाय योजावा, असे तज्ज्ञ सांगतात. तो इंटरनेटवरूनही शिकविता येतो. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३,७५५ विद्यार्थी होते. निद्रानाश तर घटलाच, शिवाय मनातील अकारण संशयही कमी झाले. परंतु सहाही पाठ पुरे करणारे थोडेच निघाले; पडद्यासमोर एकट्याने नेम पाळणे कठीणच! व्यायामाला निदान सोबती मिळतो. नर्मदेच्या ग्वारीघाटाकडे सकाळी झपाझप चालत जाणाऱ्यास श्रम व सूर्यप्रकाश दोन्ही लाभतात आणि रात्री झोपेची ओढ वाढते.