उत्खनन यंत्रातील संदेशवाहक तारांची तपासणी

शेततळ्याचे काम पावसाळ्यापूर्वी पुरे व्हावयाचे असता यंत्र बंद पडल्यास हंगामाची हानी होते. आधुनिक उत्खनन यंत्रांत इंजिन, हायड्रॉलिक इत्यादींचे नियंत्रक पीळ दिलेल्या दोन तारांवरून परस्परांस संदेश पाठवितात. या व्यवस्थेस ‘कॅन’ म्हणतात. अनेक नियंत्रकांचा संपर्क एकाच वेळी तुटल्यास महागडा नियंत्रक बदलण्याची घाई करू नये. प्रथम तारा तपासाव्यात.

बॅटरी सुटी करून माहीतगार कारागिराकडून मल्टिमीटरने दोन तारांमधील रोध मोजवून घ्यावा. दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोधक असल्याने तो सुमारे ६० ओहम भरावा. १२० भरल्यास एखादा रोधक निकामी किंवा तार तुटलेली असते. शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींस चिकटलेल्या असतात. रोध योग्य असूनही दोष राहिल्यास जोडण्यांतील ओल व गंज पाहावा.