झाडपाल्याचे असले तरी ते विषच

शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावलेली गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, अनेकांच्या ओळखीची असेल. मध्य अमेरिकेतले शेतकरी तिची साल आणि पाने शिजवलेल्या मक्यात कालवून उंदरांना घालत आले आहेत. तिच्यात कुमारिन असते. ते स्वतः रक्त पातळ करत नाही. मात्र मिश्रण आंबले की जिवाणू त्यापासून डायकुमारॉल तयार करतात. ते शरीरातल्या व्हिटॅमिन ‘के’चे काम रोखते, रक्त गोठेनासे होते आणि उंदीर अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. अमेरिकेत सडक्या गवतामुळे गुरे दगावत, त्या गवतातून कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९४०च्या सुमारास हेच द्रव्य वेगळे काढले. त्याच वाटेने पुढे वॉरफरिन आले: आधी उंदरांचे विष, मग हृदयरुग्णांची गोळी.

असे आमिष ‘नैसर्गिक’ म्हणून बिनधास्त वापरले जाते, ते मला पटत नाही. कोकणातल्या काजऱ्याच्या बियांमधले स्ट्रिक्निनही नैसर्गिकच, आणि ते माणसाला सोडत नाही.

धोका ठरतो तो विष किती जहाल आहे आणि पोटात किती गेले यावर. वॉरफरिनच्या तयार आमिषात साधारण ०.०२५ टक्के विष असते. दहा किलो वजनाच्या मुलाने त्यातले दहा ग्रॅम खाल्ले, तर पोटात अडीच मिलिग्रॅम जाते, म्हणजे वजनाच्या किलोमागे पाव मिलिग्रॅम. एवढे कळले की डॉक्टरांना पुढचे ठरवता येते. घरी आंबवलेल्या पाल्याचे हे गणित मांडणार कसे? कुमारिनचे प्रमाण झाडागणिक बदलते, डायकुमारॉल किती होईल ते आंबण्यावर ठरते. एका पातेल्यात नाममात्र, तर दुसऱ्यात भरपूर.

शिवाय हे विष लगेच काही दाखवत नाही. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग उठणे, हे सहसा दोन-तीन दिवसांनी सुरू होते. तोवर मूल हसत-खेळत असते. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना तर थोडेसेही महागात पडू शकते.

म्हणून आमिष उघड्या वाटीत ठेवू नका, मुलांचा हात पोचणार नाही अशा बंद पेटीतच ठेवा. कुणी खाल्ल्याचा संशय आला तर उलटी करवू नका. उरलेले आमिष सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा आणि ते कशाचे, केव्हा बनवले हे सांगा. यावर व्हिटॅमिन ‘के’चा उतारा आहे; तो वेळेत मिळायला हवा.