पुदुच्चेरीत उतरावे कोठे? कालव्याच्या दोन तीरांवरील दोन हॉटेले

गोव्याहून तीन-चार दिवसांसाठी पुदुच्चेरीला जाणाऱ्यांसमोर मुक्कामाचा प्रश्न हमखास उभा राहतो. जुन्या धाटणीच्या वास्तूंत थाटलेली छोटी हॉटेले तेथे पुष्कळ आहेत. छायाचित्रांत ती सारी सारखीच भासतात: उंच दरवाजे, लाकडी पलंग, हिरवागार चौक. मग निवड केवळ दरावर होते आणि जे शहर पाहायला आलो ते कालव्याच्या दुसऱ्या बाजूला राहिले, हे तेथे पोहोचल्यावर कळते.

पुदुच्चेरीचे जुने शहर उत्तर-दक्षिण जाणाऱ्या एका कालव्याने दुभागलेले आहे. पूर्वेला समुद्राकडे फ्रेंच वस्ती, पश्चिमेला तमिळ वस्ती. दोन्हींकडील घरांचा स्वभाव परस्परविरुद्ध आहे. फ्रेंच घर रस्त्याकडे उंच भिंत करून उभे असते; बाग आणि खांबांचा व्हरांडा फाटकाच्या आत. तमिळ घर मात्र रस्त्यापासूनच सुरू होते. दारापुढे वाटसरूलाही टेकता येईल असा ओटा, म्हणजे ‘तिण्णै’, आणि आत आभाळाकडे उघडा चौक, म्हणजे ‘मुट्रम’. गोमंतकीयाला तिण्णै पाहून सोपो आणि मुट्रम पाहून राजांगण आठवल्यावाचून राहणार नाही.

हा फरक दोन हॉटेलांत नेमका पाहता येतो. ‘पाले द माहे’ फ्रेंच भागात ब्युसी रस्त्यावर आहे, तर ‘मेझों पेरुमाळ’ तमिळ भागात पेरुमाळ कोईल रस्त्यावर. दोन्ही एकाच समूहाची आहेत, त्यामुळे तुलना व्यवस्थापनाची न राहता वास्तू आणि परिसराची होते. पाले द माहेत १८ खोल्या असून त्या पोहण्याच्या तलावाभोवती रचलेल्या आहेत. समुद्रकिनाऱ्यावरचा रस्ता चालत काही मिनिटांवर. मेझों पेरुमाळमध्ये अवघ्या १० खोल्या, दोन चौक, तलाव नाही. समुद्र गाठायचा तर बरेच चालावे लागते. मात्र देवळे, बाजार आणि नित्याचे तमिळ जीवन दाराशीच आहे.

लहान मुले बरोबर असतील किंवा पहाटे-संध्याकाळी किनाऱ्यावर फिरणे हाच बेत असेल, तर पाले द माहे सोयीचे. पण रंगीत भिंती आणि युरोपीय धाटणीच्या खिडक्या पाहायला फोंताइन्यशवासीयाला इतका प्रवास करण्याचे कारण नाही. दोनच रात्री हाताशी असतील, तर गोव्याच्या माणसाने कालव्याच्या पश्चिमेला उतरावे आणि फ्रेंच भाग पायी पाहावा. तो लहान आहे. अर्ध्या दिवसात होतो. तमिळ वस्ती मात्र सकाळी दारापुढे कोलम रेखले जात असताना तेथे असल्याशिवाय कळत नाही.

आरक्षणापूर्वी काही गोष्टी दूरध्वनीवरून विचारून घ्याव्यात. खोली चौकाकडे उघडते की रस्त्याकडे? तळमजल्यावर मिळेल काय? जुन्या घरांचे जिने वयस्करांना जाचक ठरतात. दरात कर आणि न्याहारी धरली आहे काय? शनिवार-रविवारी चेन्नई आणि बंगळुरूकडील गर्दी लोटते. शक्य तर आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत. ऋतूचे गणितही गोव्याहून वेगळे आहे. तेथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. दिवाळीच्या सुटीत निघालेल्यांची त्यामुळे निराशा होऊ शकते, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

या निवडीला आणखी एक बाजू आहे. चुना-विटांच्या वास्तू निगा राखली नाही तर टिकत नाहीत. किनाऱ्यालगतची एकोणिसाव्या शतकातील नगरपालिका इमारत, ‘मेरी’, २०१४च्या पावसात कोसळली. ती नव्याने उभारावी लागली. फ्रेंच भागाकडे पर्यटकांचा ओढा आपोआप असतो. तमिळ भागातील जुनी घरे मात्र एकेक करून पाडली जातात आणि तेथे काँक्रिटच्या इमारती उभ्या राहतात. राजांगणाची घरे ओस पडताना पाहिलेल्या गोव्याला हे नवीन नाही. मुट्रम असलेल्या घरात मुक्कामासाठी दिलेले पैसे ते घर उभे ठेवण्याच्या कामी येतात, एवढे दर पाहताना ध्यानात असावे.