बालमधुमेह आणि आंतड्यांतील जंतु

मधुमेह हा स्थूलांचा, बैठें काम करणारांचा आणि पन्नाशी उलटलेल्यांचा रोग, ही समजूत आपल्या घरांतून इतकी दृढ आहे कीं, आठ वर्षांच्या सडपातळ व खेळकर मुलास तो झाल्याचें कळलें म्हणजे घरांतील वडील माणसें डॉक्टराचेंच निदान चुकलें असें म्हणूं लागतात. वास्तविक हे दोन रोग निराळे. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले असून पहिल्यांतील रोगी कृश व दुसऱ्यांतील स्थूल असतो, असें वर्णन आहे. एवढ्यावरून आजचें सर्व ज्ञान पूर्वजांस अवगत होतें असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. परंतु त्यांची निरीक्षणशक्ति सूक्ष्म होती, हें कोणासही कबूल करावें लागेल.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत घडतें तें असें. जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचें जें इंद्रिय आहे, त्यांतील विशिष्ट पेशी इन्शुलिन उत्पन्न करितात. शरीराचें रोगांपासून रक्षण करणारें जें सैन्य, तेंच या पेशींस शत्रु समजून त्यांचा संहार करूं लागतें. घरच्या राखणदारानेंच कोठार जाळावें, तसा हा प्रकार. जानेवारी १९२२ मध्यें टोरोंटो येथें लिओनार्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं हा रोग जडलेलीं मुलें थोड्याच काळांत दगावत असत.

राखणदारास ही दुर्बुद्धि कां व्हावी? आनुवंशिकता हें एक कारण खरें. पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. फिनलंडांत या रोगाचें प्रमाण जगांत सर्वांत अधिक; चालू शतकाच्या आरंभीं तेथें १५ वर्षांखालील दर लाख मुलांमागें प्रतिवर्षीं सुमारें ६० मुलांस तो जडत असे. त्या देशाच्या पूर्व सीमेस लागूनच रशियाचा करेलिया प्रांत आहे. हवा तीच, हिंवाळा तोच, आणि रोगास अनुकूल असे आनुवंशिक गुणही दोहींकडे जवळजवळ सारखेच. तथापि करेलियांत रोगाचें प्रमाण सुमारें षष्ठांशच, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. सीमेच्या एका बाजूस सुबत्ता व कमालीची स्वच्छता, दुसऱ्या बाजूस साधी राहणी, हा मात्र मोठा भेद होता.

पुढें फिनलंड, एस्टोनिया व करेलिया येथील प्रत्येकीं ७४ अर्भकांची विष्ठा संशोधकांनीं तीन वर्षेंपर्यंत वारंवार तपासली. विषय किळसवाणा वाटेल. पण ज्ञानास सोंवळें नसतें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, फिनलंड व एस्टोनिया येथील बालकांच्या आंतड्यांत बॅक्टेरॉइडिस वर्गाचे जंतु प्रबळ होते. या जंतूंच्या बाह्य कवचांतील द्रव्य शरीराच्या रक्षक सैन्यास जागें करीत नाहीं, उलट निजवितें. ई. कोलाय नामक जंतूच्या कवचांतील द्रव्य मात्र त्यास जागें करून वळण लावितें. मधुमेहाची प्रवृत्ति असलेल्या उंदरांस तें टोंचलें असतां त्यांचा रोग लांबणीवर पडला. ज्या शिपायास कवाईत शिकविलीच नाहीं, त्यानें रणांगणावर शत्रुमित्र ओळखावे कसे?

आतां ताकाकडे वळूं, कारण वाचकांचें लक्ष तिकडेच लागलें असेल. हितकर जंतु पोटांत घातल्यानें हा रोग टळेल काय? अमेरिका, फिनलंड, स्वीडन व जर्मनी येथील ७,४७३ मुलांची पाहणी २०१५ सालीं प्रसिद्ध झाली. जन्मानंतर पहिल्या २७ दिवसांत ज्यांस असे जंतु देण्यांत आले, त्यांच्यांत स्वतःच्या पेशींवर हल्ला होण्याची लक्षणें कमी आढळलीं. पण तीं सुद्धां आनुवंशिक धोका सर्वांत अधिक असलेल्या मुलांतच. इतरांस कांहीं लाभ दिसला नाहीं. शिवाय ही केवळ पाहणी होती. पहाटे उठणारा विद्यार्थी पहिला आला, म्हणून पहाट हेंच बुद्धीचें औषध असें कोणी म्हणत नाहीं. खरा निर्णय प्रयोगानेंच व्हावयाचा, आणि मातेच्या दुधावर पोसणारा एक जंतु अशा धोक्यांतील अर्भकांस देऊन पाहण्याचा प्रयोग युरोपांत २०२१ सालीं सुरू झाला.

ताक व दहीं मोठ्यांच्या पानांत अवश्य असावें. त्यांविषयींचें आमचें प्रेम कोणाहून कमी नाहीं. पण म्हणून आजीबाईंनीं तान्ह्या मुलास दह्याचें बोट चाटवूं नये. पहिले सहा महिने मातेचें दूधच पुरें. त्या दुधांत कांहीं शर्करा अशा असतात कीं, त्या बालकास पचत नाहींत. त्या आंतड्यांतील हितकर जंतूंचेंच अन्न होत. मध तर वर्षभर वर्ज्य समजावा, कारण त्यांत एका घातक विषजनक जंतूचीं बीजें असूं शकतात. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांस जंतुयुक्त औषधें देण्यांत प्राणसंकट संभवतें, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०२३ सालीं दिला आहे.

रोग जडल्यावर तर ताक, कडुलिंब वा कारलें यांपैकीं कांहींही इन्शुलिनची जागा घेऊं शकत नाहीं. कोणाच्या सांगण्यावरून इन्शुलिन बंद करणें म्हणजे मुलाचा प्राण पणास लावणें होय.

आम्ही शाळेंत होतों तेव्हां पांचवींतील एक मुलगा तासांतून दोनदां पाणी पिण्यास व लघवीस जाण्याची परवानगी मागे. एका शिक्षकांनीं त्यास कामचुकार ठरवून बांकावर उभें केलें; घरीं जंतांचें औषध चालू होतें. आठवड्याभरांत ओकाऱ्या होऊन तो ग्लानींत गेला, तेव्हां कोठें रक्त तपासलें गेलें. सुदैवानें तो वांचला. फार तहान, वारंवार लघवी, सुटलेली संवय मोडून पुन्हां अंथरूण ओलें होणें, भूक असूनही वजन घटणें, हीं लक्षणें मुलांत दिसतांच त्याच दिवशीं रक्तांतील साखर पाहून घ्यावी. पोटदुखी, ओकारी, धापेसारखा श्वास किंवा श्वासास फळासारखा वास येऊं लागला, तर सकाळची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. बोटांतून काढलेला रक्ताचा एक थेंब या परीक्षेस पुरतो, आणि उत्तर मिळावयास एक मिनिटही लागत नाहीं.