चकोल्या

कृष्णा व तारळी ह्या नद्यांच्या संगमावर उंब्रज गाव वसले आहे. तेथे आणि सातारा-सांगलीकडील घरोघरी चकोल्या आवडीने खातात. कणीक घट्ट मळून पोळी लाटावी, तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत व तुरीच्या पातळ आमटीत सोडावेत. मात्र आमटी खळखळून उकळत असली पाहिजे. कोमट आमटीत तुकडे एकमेकांस चिकटून लगदा होतो. उकळत्या आमटीत कणकेतील ग्लूटेन नावाचे चिवट द्रव्य त्वरित आळते व तुकडा अखंड राहतो. इटलीतील पास्ताही ह्याच नियमाने उकळत्या पाण्यात शिजवितात.

मुलांनो, आई शेतावरून थकून येईल, त्या दिवशी आजीला जवळ बसवून चकोल्या तुम्ही करा. लगदा झाला तरी आई कौतुकाने खाईल. पण उकळीची वाट पाहिलीत, तर आणखी वाढून घेईल!