सोनगडला गाडी थांबवा

दिवाळी तोंडावर आली आहे. सुरतेच्या उधना, लिंबायत, दिंडोलीपासून इथे इच्छापोरपर्यंत पसरलेली खानदेशी कुटुंबं आता गावाकडे निघतील. ज्यांच्याकडे मोटार आहे ते निघण्याआधी टायर बदलून घेतील, पुढची चाकं मागे करून घेतील, अलाइनमेंट-बॅलन्सिंग उरकतील. इतकी काळजी घेऊनही वाटेत एखाद्याचं चाक निखळलं आणि त्याचा व्हिडिओ मोबाइलवर आला, की त्याखाली एकच निदान असतं: खड्डे.

मला या निदानाचा राग येतो, कारण त्यात खरा दोषी सुटून जातो. खड्ड्यानं टायर फुटतो, रिम वाकते, खालचा बॉल जॉइंट तुटून चाक गाडीखाली आडवं पडतं. हे सगळं वाईटच आहे, पण ते वेगळं दुखणं. तिथे चाक हबवर घट्टच असतं. नट सैल होऊन चाक बाहेर येतं तेव्हा मात्र आधी विचारावं, या चाकाला शेवटचा हात कुणी आणि कधी लावला? हजीऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात २०२२ साली पोलाद कारखान्याच्या स्लॅगपासून सहापदरी रस्ता झाला. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण रस्ता सुधारला म्हणून नट घट्ट राहत नाहीत.

या बाबतीत जपानकडे बघावं, कारण तिथलं वाहतूक मंत्रालय अवजड वाहनांची निखळलेली चाकं दर वर्षी मोजतं. २०२२-२३ या एका वर्षात अशा १४० घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक हिवाळ्यातल्या होत्या. नोव्हेंबरपासून तिथे बर्फाचे टायर चढवण्याची घाई सुरू होते, आणि निम्म्याहून अधिक चाकं बदलल्यापासून महिन्याभरातच निखळतात. म्हणजे ज्या चाकाची नुकतीच काळजी घेतली गेली, तेच धोक्याचं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण दिवाळीआधीची टायरवाल्याकडची गर्दी तशीच असते.

त्याच नोंदींत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. निखळलेली जवळजवळ सगळी चाकं डावीकडची मागची असतात. जपानही आपल्यासारखाच डावीकडून गाडी चालवतो. डावं वळण आखूड असतं. लांब ट्रक वळताना आतलं मागचं चाक जागच्या जागी पिळवटल्यासारखं फिरतं, आडवं घासत जातं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे डाव्या बाजूवर भारही थोडा जास्त. जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, ते चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. जपाननं आंतरराष्ट्रीय पद्धत स्वीकारून दोन्हीकडे सुलटे आटे केले, त्याचा यात किती हात आहे यावर तिथे अजून वाद चालू आहे. वाद कुठेही जावो, हजीऱ्याहून माल भरून इच्छापोरला वळणाऱ्या ट्रकवाल्यानं आधी डाव्या मागच्या चाकाकडे बघावं, एवढं आपल्याला त्यातून नक्की घेता येतं.

जपानमध्ये हा प्रश्न इतका हळवा का आहे, त्याला एक दिवस कारण आहे. १० जानेवारी २००२ रोजी योकोहामात मित्सुबिशीच्या एका ट्रेलरचं पुढचं चाक सुटलं आणि फुटपाथवरून मुलांना घेऊन चाललेल्या तरुण आईवर आदळलं. तिचा जीव गेला, मुलं जखमी झाली. तिथे नट सैल नव्हते, हबच तुटला होता. कंपनी दोन वर्षं देखभालीकडे बोट दाखवत राहिली, आणि २००४ मध्ये दोष आपल्याच रचनेत असल्याचं तिला कबूल करावं लागलं. सुटलेलं चाक गाडीतल्या माणसांपेक्षा रस्त्याकडेच्या माणसाला जास्त घातक. गाडी घसटत थांबते, चाक मात्र त्याच वेगानं पुढे धावत राहतं. हजीरा रस्त्यावर पाळी सुटल्यावर सायकलींवरून आणि पायी जाणारे मजूर पाहिले की हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवतं.

आता नट सैल होतो कसा, ते पाहू. बहुतेकांचा समज असा की गाडीचं वजन चार-पाच बोल्टांवर टांगलेलं असतं. तसं नसतं. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि पुन्हा आखडू पाहतो. त्या ओढीनं रिम हबवर दाबली जाते. दाबातून घर्षण येतं, आणि वजन, ब्रेकचा झटका, वळणाचा जोर हे सगळं ते घर्षण पेलतं. ओढ पुरेशी असेपर्यंत रिम हबवर तसूभरही सरकत नाही. ओढ कमी पडली की रिम आडवी सरकू लागते, आणि मग नटाची खैर नसते.

हे कळायला जगाला बराच वेळ लागला. १९४५ साली गुडियर आणि स्वीनी या दोघांनी बोल्ट त्याच्या लांबीच्या दिशेनं ओढून-सोडून पाहिले. नट फिरले, पण अगदी थोडे. मग रेल्वे, मोटारी, यंत्रांचे नट सर्रास गळतात ते कशानं? उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली दिलं. त्यानं बोल्टला उभं ओढायचं सोडून जोड आडवा हलवणारं यंत्र बांधलं. उभ्या हादऱ्यांना दाद न देणारे नट या आडव्या हालचालीत काही सेकंदांत मोकळे होऊ लागले.

कारण आट्यांत आहे. आटा म्हणजे बोल्टाभोवती गुंडाळलेला उतार. उतरत्या फळीवर तांब्या ठेवला तर घर्षणामुळे तो जागीच राहतो. आता फळी नुसती डावी-उजवी हलवा. तुम्ही तांब्याला खाली ढकललेलं नसतं, तरी तो हळूहळू खाली येतो, कारण एका दिशेला घसरू लागलेल्या वस्तूला दुसऱ्या दिशेलाही घर्षण धरून ठेवू शकत नाही. नटाचंही तेच. रिम आडवी सरकली की नट दर फेरीला थोडा उताराकडे जातो, ओढ आणखी घटते, सरकणं आणखी वाढतं. नट फिरवायला कुणी लागत नाही. युंकरच्या नावाची चाचणी आजही जगभरच्या कारखान्यांत होते, आणि स्प्रिंग वॉशर घातला की नट सैल होत नाही ही आपल्या गॅरेजांतली श्रद्धा त्या चाचणीत टिकत नाही. टिकते ती फक्त पुरेशी ओढ.

ती ओढ आपण मोजत नाही, आपण पान्याचा जोर मोजतो, आणि सगळी गफलत तिथेच होते. पान्याला लावलेल्या जोरातला जवळपास नव्वद टक्के भाग नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घासण्यातच खर्च होतो. बोल्ट ताणायला उरतो तो दहा टक्के. म्हणून आटे गंजले की पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि बोल्ट मात्र ढिला राहतो. उलट आट्यांना तेल किंवा ग्रीस फासलं की त्याच जोरात बोल्ट नको इतका ताणला जातो. इच्छापोरपासून खाडी आणि समुद्र लांब नाही. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे असतील आणि त्यावरच रिम चढवली, तर पहिल्या काही किलोमीटरांत ते पापुद्रे चुरा होतात आणि तेवढीच बोल्टची ओढ निघून जाते. रिमच्या मागच्या बाजूला जाड रंग मारला असेल तरी तेच. तारेच्या ब्रशनं हब घासायला दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या दिवसात ती दोन मिनिटं कुणी देत नाही, म्हणून आपण मागून घ्यायची.

मग येते ती हवेची गन. दुकानात तिचा आवाज आला की गिऱ्हाइकाला वाटतं, काम पक्कं झालं. गन नट काढायला उत्तम आहे. आवळायला तिच्यावर विसंबणं मला मुळीच पटत नाही, कारण कॉम्प्रेसरमधल्या हवेच्या दाबावर आणि ट्रिगर किती वेळ दाबला यावर तिचा जोर बदलतो. एक नट कमी, शेजारचा जास्त. बऱ्याच मोटारींना साधारण शंभर ते एकशेवीस न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो: टोयोटाच्या अनेक गाड्यांना १०३, होंडा सिटीला १०८, फोक्सवॅगनला १२०. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत आहे. शंभर न्यूटन-मीटर म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला तेहतीस किलोचा जोर. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की दुप्पट होतो. बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला गेला की पुन्हा आखडत नाही, म्हणजे त्याची ओढच मरते. पान्यावर चढून आवळलेलं चाक म्हणूनच जास्त सुरक्षित नसतं.

बाहेरून घेतलेले अलॉय हे आणखी एक कारण. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोलसर असतं, बाजारातल्या अलॉयना बहुधा साठ अंशांच्या शंकूचे नट लागतात. जुनेच नट नव्या अलॉयवर लावले तर ते एका बारीक कडेवर टेकतात. नट लागल्यासारखा दिसतो, पण टेकलेला नसतो. अलॉय घेताना त्याच्या मापाचे नट सोबत घ्या.

हा विषय फक्त पंक्चरवाल्यांचा आहे असं समजू नका. २३ जून २०२२ रोजी टोयोटानं बीझेड-फोर-एक्स ही आपली नवी विजेची मोटार, सुमारे २७०० गाड्या, परत बोलावली. कारण काय, तर जोरात वळण घेताना किंवा एकदम ब्रेक लावल्यावर हबचे बोल्ट सैल होऊन चाक निखळू शकत होतं. बोल्ट आणि वॉशर बदलून गाडी पुन्हा विकायला ऑक्टोबर उजाडला. इतकी वर्षं नट वापरणाऱ्या कंपनीनं या गाडीत बोल्ट वापरले होते, आणि जगातली एक सर्वांत काटेकोर कंपनी त्यात अडखळली.

आता सोनगडची गोष्ट. चाक नव्यानं बसवल्यावर पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरांत पृष्ठभाग एकमेकांवर बसतात, रंग-गंज दबतो आणि ओढ थोडी उतरते. म्हणूनच त्या टप्प्यावर नट पुन्हा आवळा, असं जपान सरकार सांगतं आणि अनेक कंपन्याही सांगतात. इच्छापोरहून निघून हजीऱ्यात सुरू होणारा हा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, धरला की बारडोली, व्यारा मागे टाकून साधारण तेवढ्याच अंतरावर सोनगड येतं. पुढे नवापूर, विसरवाडी आणि मग कोंडाईबारीचा घाट: वळणं आणि ब्रेक, म्हणजे नेमका तो आडवा जोर. तेव्हा चहाला थांबायचंच असेल तर सोनगडला थांबा. चाकं हाताला सोसतील इतकी निवू द्या, आणि टॉर्क रेंचनं समोरासमोरचे नट आलटून-पालटून तपासा. टॉर्क रेंच काही हजारांत मिळतो. नसेल तर गाडीतला पाना घ्या आणि फक्त हातानं जोर लावा. एखादा नट सहज फिरला तर तो आवळून पुढे निघू नका, आधी त्याचं कारण शोधा.

वाटेत कमी वेगात चाकातून टकटक ऐकू आली, स्टिअरिंग थरथरलं, तर ब्रेकवर पाय दाबू नका. वेग आपोआप उतरू द्या, कडेला घ्या. नटांभोवती गंजाचे ताजे ओघळ किंवा रिमच्या भोकांजवळ चकचकीत घासलेलं लोखंड दिसलं तर चाक आधीच सरकू लागलं आहे, हे समजा.

हे तपासायला कायदा कुठे आहे? खासगी मोटारीला नोंदणीनंतर पंधरा वर्षं फिटनेस तपासणी नाही. ट्रक-बसना आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा, नंतर दर वर्षी. त्या तपासणीनंतर आठवड्याभरानं चाक बदललं, तर ते कुणी बघत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं १९९७ साली वेगळी वाट घेतली. निखळलेल्या ट्रकच्या चाकांनी माणसं मेल्यावर तिथे कायदा झाला: व्यावसायिक वाहनाचं चाक सुटलं की चालवणारी कंपनी दोषी, आम्ही काळजी घेतली होती हा बचाव चालणार नाही, दंड दोन हजारांपासून पन्नास हजार डॉलरपर्यंत. मला हा कायदा कठोर वाटतो आणि तरीही योग्य वाटतो. आपल्याकडे निदान टायर बसवणाऱ्या प्रत्येक दुकानात टॉर्क रेंच सक्तीचा करा, आणि बिलावर टॉर्कचा आकडा आणि कुठल्या किलोमीटरला पुन्हा आवळायचं ते छापा. तोवर निदान तोंडानं सांगा: भाऊ, गननं फक्त टेकव, शेवटचं हातानं आवळ.

आणि सैल चाकावर गाडी चालली असेल तर नुसतं आवळून काम भागवू नका. भोकं लांबट झालेली रिम बाद करा, त्या हबचे सगळे बोल्ट आणि नट बदला. स्टेपनी चढवून पुढे निघण्याचा मोह आवरा. स्टेपनीही त्याच ताणलेल्या बोल्टांवर बसणार असते.